हेझलफील्डची खाटकीण

माझा भाऊ इफ्राइम पेल्टन नवी बायको घेऊन हेझलफील्डला आला, त्या दिवशी सार्जंट ट्रास्कचा माजलेला डुक्कर सुटला होता. त्याने आमच्या शेजारच्या नॅथन रूटची मांडी सुळ्याने फाडली होती. नॅथन चिखलात पडून गुरासारखा ओरडत होता, आणि गावातले पाच-सहा बाप्ये दताळी घेऊन लांबूनच 'हाड हाड' करत होते.

बैलगाडी थांबली. नवरी उतरली. अंगाने थोराड, हात लालभडक, चेहऱ्यावर देवीचे व्रण. मी सगळ्यांत जवळ उभी होते. तिने डोक्यावरची टोपी काढली, माझ्या हातात कोंबली, "धर गं हे," म्हणाली, गाडीतल्या बोचक्यातून एक लांब सुरी उपसली आणि सरळ त्या डुकरामागे गेली. मागचा पाय धरून तिने त्याला कसं उलथं पाडलं ते आजही मला नीट सांगता येणार नाही. गुडघा त्याच्या छातीवर रोवला आणि सुरी गळ्यात घातली. रक्त तिच्या लग्नाच्या झग्यावर कोपरापर्यंत उडालं.

ट्रास्क धावत आला. "माझा डुक्कर मारलास? कुणाला विचारून?"

"मग काय करू, लग्न लावू त्याच्याशी?" ती म्हणाली. "एक आत्ताच लावून आलेय."

बाप्ये हसले. ट्रास्क हसला नाही. त्याला कुणी हसलेलं चालत नसे.

तिचं नाव मेहिटबल, पण सगळे हिटीच म्हणत. बॉस्टनकडच्या एका खाटकाची थोरली मुलगी. बापाला मुलगा नव्हता, म्हणून सुरी हिच्या हातात आली. त्या दिवसापासून गावाने तिला खाटकीण म्हणायला सुरुवात केली. तोंडावर म्हणत आणि मागेही म्हणत. थंडी पडायला लागली की घरोघरची डुकरं मारायला तिलाच बोलावणं येई. मांस खारवायचं, चरबी वितळवायची, आतडी धुवायची, सगळं ती करी आणि आपला वाटा घेऊन येई. माझा भाऊ मऊ स्वभावाचा, हळू बोलणारा. लोक त्याला चिडवत, "इफ्राइम, रात्री सुरी कुठे ठेवते रे?" तो म्हणे, "ठेवते तिथे ठेवते. तुमची बायको जीभ कुठे ठेवते ते सांगा आधी."

मी त्यांच्याच घरात राहत होते. आई-बाप तापात गेले होते, लग्न ठरलेलं मोडलं होतं. नणंद म्हणून ती माझा दुस्वास करील असं सगळ्यांना वाटलं. तिने पहिल्याच आठवड्यात मला आतडी साफ करायला बसवलं आणि म्हणाली, "डिले, नाक मुरडायचं असेल तर जेवताना मुरड. म्हणजे मला जास्त मिळेल." आमचं जमलं.

हेझलफील्ड म्हणजे इंग्रजांची शेवटची वस्ती. आमच्या पलीकडे नदी, रान, आणि पार वर उत्तरेला फ्रेंच. ॲन राणी गादीवर आली आणि लगेच फ्रेंचांशी लढाई जुंपली. राण्या-राजांची भांडणं समुद्रापलीकडे, पण कुंपणाचे ओंडके आम्ही ओढले. गावाभोवती टोकदार खांबांचं कुंपण, एक मोठा दरवाजा. सकाळी माणसं बंदुका घेऊन रानाचा कानोसा घेत, मग गुरं सोडत. अर्धे शेतात राबत, अर्धे पहारा देत. प्रार्थनेला बोलवायचं तर घंटा नव्हती, शंख फुंकत. धोका असला तरी तोच शंख, फक्त सारखा, न थांबता. प्रार्थनाघराच्या भिंतीवर मारलेल्या लांडग्यांची मुंडकी ठोकलेली असत, आणि उन्हाळ्यात त्यांचा वास आत पाद्रीबाबांच्या प्रवचनात मिसळे.

तिथे कुणी हातचं राखून वागत नसे. रविवारी शिवी दिली म्हणून माणसाला खांबाला बांधून फोडत. एका पहाटे धुक्यात पहारेकऱ्याने आपल्याच मेव्हण्याला गोळी घातली. त्याला पुरलं, आणि दुपारी आम्ही सगळ्या बायका घेवडा तोडायला गेलो, कारण घेवडा थांबत नाही. बहीण आपल्या नवऱ्याबरोबर, म्हणजे भावाला मारणाऱ्याबरोबर, त्याच रात्री एका ताटात जेवली. दुसरं ताटच नव्हतं.

नदीच्या खालच्या अंगाला, धबधब्याजवळ, इथल्या मूळच्या लोकांची चार-दोन कुटुंबं उरली होती. आधी हा सगळा काठच त्यांचा. आमच्या आज्या-पणज्यांच्या काळात लढाया झाल्या, साथी आल्या, आणि उरलेले टोपल्या-झाडू विकत दारोदार फिरू लागले. त्यांच्यातली एक बाई आमच्याकडे येई. गाव तिला 'टोपलीवाली मॉल' म्हणे. तिचं खरं नाव वेनुस्क. हे नाव आमच्या घराशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. हिटीने विचारलं.

त्या दोघी भांडत तर असं, की वाटे आता झिंज्या धरतील.

"ही टोपली मागच्या वेळची. तळ फाटला," हिटी म्हणे.

"तू दगड भरलेस त्यात."

"मुठीएवढाले सलगम होते ते, दगड नव्हते."

"मग सलगम चांगले पिकव. मऊ."

आणि मग दोघी चुलीपाशी बसून डुकराचे पाय शिजत घालत. लेकीच्या, टॅबीच्या, वेळी हिटीला कळा सुरू झाल्या तेव्हा नदीवरचा बर्फ फुटत होता आणि दाई पलीकडच्या काठावर अडकली होती. वेनुस्क झाडू विकायला आली होती. पोर पायाळू. वेनुस्कने अस्तन्या वर केल्या, मला म्हणाली, "तू डोकं धर, रडू नकोस," आणि हात घालून पोर फिरवलं. हिटीने माझा हात असा चावला की हाडापर्यंत दात गेले. पोर जगलं, आईही जगली. गावात बायका कुजबुजल्या, की रानटी बाईच्या हाताने जन्मलेल्या पोरीच्या अंगात काय शिरलं असेल कोण जाणे. हिटी म्हणाली, "भूक शिरलीय. रात्रंदिवस पिते."

टॅबी बोलायला-पळायला लागली होती, त्या उन्हाळ्यात आमच्यावर धाड आली.

गवताची कापणी होती. इफ्राइम पहाटेच कोयता घेऊन नदीकाठच्या कुरणात गेला. जाताना म्हणाला, "दुपारी सफरचंदाची साइडर जास्त पाठव, काल नॅथननेच अर्धी संपवली." तेवढंच. माणूस मरायला जाताना काही मोठं बोलतो असं नाही.

ऊन वर आलं होतं. आम्ही अंगणात धुणं धूत होतो. कुरणाकडून शंख वाजला, सारखा वाजू लागला, आणि मध्येच तुटला. हिटीने वर पाहिलं. तिने ओला कपडा टाकला नाही, पिळून पूर्ण केला, काठीवर टाकला, टॅबीला काखेत मारलं आणि म्हणाली, "आत. डिले, आत हो."

गवताच्या गाड्या यायच्या म्हणून कुंपणाचा दरवाजा सताड उघडा होता. ते त्यातूनच आले. फ्रेंच थोडे, त्यांच्या बाजूने लढणारे उत्तरेकडचे मूळचे लोक जास्त, तोंडाला काळा-तांबडा रंग. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. समोरच्या घरातली म्हातारी सुताच्या चाकापाशी बसली होती तशीच खाली गेली. छपरं पेटली. पोरं ओरडत होती, आणि एकेक ओरडणं बंद होत होतं.

मग आमच्या दारावर घाव पडले. ओक लाकडाचं दार, मागे आडणा. कुऱ्हाडीचे घाव एकाच जागी बसत होते. ढलप्या आत उडाल्या. मी टॅबीला पिंपात बसवलं, वर झाकण धरून उभी राहिले. हिटी सुरी घेऊन दाराच्या बाजूला भिंतीला चिकटली. भोक पडलं. डोकावणारा डोळा दिसला. मग आडणा काढायला एक हात आत आला, कोपरापर्यंत.

हिटीने तो मनगटाला धरला आणि एक पाय दाराला टेकवून ओढला, खांद्यापर्यंत आत ओढला. बाहेर त्याचं तोंड फळीवर आपटल्याचा आवाज आला. तिने काखेखाली सुरी घातली, मुठीपर्यंत, आणि फिरवली. डुकराला घालते तशीच. हात सुटला. तो दाराला घासत खाली बसला.

त्याच्याबरोबरचे दुसरीकडे पळाले. खालच्या पहाऱ्याच्या घरातून गोळ्या सुरू झाल्या होत्या. पण हा तिथेच, आमच्या उंबऱ्यावर. दाराखालून त्याचं रक्त आत आलं आणि जमिनीच्या उतारावरून चुलीकडे गेलं. तो लवकर मेला नाही. तो एकच शब्द म्हणत राहिला. आधी जोरात, मग हळू. पुन्हा पुन्हा तोच.

"वहिनी," मी म्हणाले, "उघडूया का?"

"नाही."

"तो मरतोय."

"मरू दे. उघडू नकोस."

आणि ती दाराला पाठ लावून खाली बसली. अलीकडे ती, पलीकडे तो, मध्ये एक फळी. तो म्हणत होता आणि ती ऐकत होती. शेवटी तोही थांबला.

आपली माणसं आली तेव्हा आम्ही दार उघडलं. तो आत कोसळला. नुकतं मिसरूड फुटलेला, पोरगाच. ट्रास्क आला होता, तोंड काजळीने काळं. त्याचा धाकटा भाऊ दरवाज्यावर मेला होता. त्याने त्या पोराचे केस धरले, सुरीने कातडीसकट सोलून काढले, आणि हिटीपुढे धरले. "तुझी शिकार. बॉस्टनला सरकार याचं मोल देतं."

"घेऊन जा ते," हिटी म्हणाली. "माझी जमीन धुवायचीय."

संध्याकाळी इफ्राइमला गाडीतून आणलं. तोही तसाच होता, डोक्यावर कातडं नसलेला. मला बघवेना. हिटीने त्याला टेबलावर घेतलं, कोमट पाण्याने धुतलं, डोक्याला आपली पांढरी टोपी बांधली, हनुवटीखाली गाठ मारली. मग पहिल्यांदा तिच्या तोंडून आवाज निघाला. माणसाचा वाटावा असा तो नव्हता. टॅबी घाबरून माझ्या मागे लपली.

दुसऱ्या दिवशी एकाच खड्ड्यात सगळे पुरले. उन्हाळा होता, थांबता येत नव्हतं.

ज्यांनी धाड घातली ते पोरं-बायका बांधून उत्तरेला निघून गेले होते. ट्रास्कने माणसं घेऊन पाठलाग केला आणि रिकाम्या हातांनी परतला. रानात त्यांना कुणी सापडलं नाही. अंगात राग मात्र तसाच साठलेला. कुंपणाचा दरवाजा उघडा आहे हे धाडवाल्यांना कुणी सांगितलं, हा प्रश्न कुणीतरी टाकला. दरवाजा आम्हीच रोज उघडा टाकत होतो. पण उत्तर तयार होतं: टोपलीवाले लोक. रोज येतात, सगळं बघून जातात.

आणि त्याच दुपारी वेनुस्क स्वतःहून आली. बरोबर तिची म्हातारी आई आणि लेक. तिघी दरवाज्यापाशी उभ्या राहिल्या, हात उघडे, वर केलेले. उत्तरेच्या लोकांनी धबधब्यावरची त्यांची झोपडीही जाळली होती. पोरीचा कान कापलेला, त्यावर पाला बांधलेला. त्या आमच्याकडे आसरा मागायला आल्या होत्या.

लोकांनी त्यांना ओढत प्रार्थनाघरापुढच्या मैदानात आणलं. ज्यांची पोरं नेली होती त्या बायका सगळ्यांत पुढे. मी ओरडा ऐकून गेले, हिटी माझ्या पुढे. ट्रास्कने तिला पाहिलं आणि गर्दीला हाताने मागे सारलं.

"वाट द्या. हिचा नवरा गेलाय," तो म्हणाला. "पेल्टनबाई, तुझा हक्क पहिला." आणि त्याने आपली कुऱ्हाड तिच्या हातात दिली. "तुला शिकवायला नको. खाटकीण तू."

वेनुस्कने हिटीकडे पाहिलं. तिने फक्त लेकीचं डोकं आपल्या पोटाशी दाबून धरलं, तिला दिसू नये म्हणून.

हिटीने कुऱ्हाड हातात तोलली. मला वाटलं ती मारणार. खोटं कशाला सांगू, तिच्या तोंडाकडे बघून मला तसंच वाटलं.

"माझा हक्क?" तिने विचारलं.

"पहिला."

"म्हणजे या माझ्या?"

"तुझ्या. आम्ही नंतर."

"मग मी घरी नेते," हिटी म्हणाली. "माझ्या आहेत ना. डिले, म्हातारीला धर."

एक क्षणभर कुणाला कळलंच नाही. आम्ही चालायला लागलो. हिटी पुढे, मागे वेनुस्क आणि लेक, मी म्हातारीला खांद्याचा आधार देऊन. मग एका बाईने किंकाळी फोडली, "माझं पोर नेलं यांनी!" आणि पहिला दगड आला. मग धडाधड दगड. माझ्या पाठीत बसले, हातावर बसले. म्हातारीच्या कानशिलावर एक बसला आणि ती माझ्या हातात ओली पोतडी व्हावी तशी जड झाली. मी तिला ओढत नेलं.

आमच्या अंगणाच्या तोंडाशी ट्रास्कने गाठलं. त्याने पोरीचे केस धरले आणि मान मागे खेचली. दुसऱ्या हातात सुरी होती. हिटी वळली. कुऱ्हाड उलटी करून, बोथट बाजूने तिने त्याच्या हातावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्या मैदानाला ऐकू गेला असेल. तो गुडघ्यावर बसला. तिने कुऱ्हाड पुन्हा उचलली, या वेळी धारेच्या बाजूने, त्याच्या डोक्यावर.

"पुढचा कोण?" ती म्हणाली. "या. मी थकलेय, पण एक-दोन होतील अजून."

नॅथन रूट लंगडत मध्ये आला आणि ट्रास्कला काखेत धरून मागे ओढू लागला. "सोडा, सोडा," तो लोकांना सांगत होता, "बाई वेडी झालीय, नवरा गेलाय." तेवढ्यात आम्ही आत शिरलो आणि ते फुटकं दार लावलं. भोकाला मी टेबल टेकवलं.

लोकांनी घराला वेढा घातला. जाळायचं कुणी बोललं, पण वारा त्यांच्याच घरांकडे होता. पाद्रीबाबा खिडकीशी येऊन म्हणाले, "मुली, शत्रूला आसरा देणं पाप आहे."

"पाद्रीबाबा," हिटी आतून म्हणाली, "खिडकीपासून दूर व्हा. दगड तुमच्या माणसांचे आहेत, पण नेम वाईट आहे त्यांचा."

म्हातारी आमच्या जमिनीवर संध्याकाळच्या आधीच गेली. वेनुस्कने तिचे डोळे मिटले आणि बराच वेळ हलकं, नाकातून काहीतरी गुणगुणत राहिली. पोरगी टॅबीशेजारी झोपून गेली. हिटी पुन्हा दाराला पाठ लावून बसली होती, कुऱ्हाड मांडीवर. अचानक ती वेनुस्कला म्हणाली, "या दारात एक मेला. मी मारला. तो एक शब्द म्हणत होता." आणि तिने तो म्हणून दाखवला. तिला तो नीट पाठ झाला होता. "काय अर्थ त्याचा?"

वेनुस्क म्हणाली, "त्यांची बोली वेगळी आहे."

"तुला कळते. सांग."

"मोठ्या बहिणीला तसं म्हणतात. ताई."

"कुणाला म्हणत होता? त्याच्या बहिणीला, की मला?"

"ते मला कसं कळणार, हिटी? दाराच्या या बाजूला तू होतीस."

हिटीने मान खाली घातली.

सकाळी खालच्या मोठ्या गावाहून शिपायांनी भरलेल्या होड्या आल्या, धाडीची बातमी ऐकून. त्यांचा कप्तान परका, आमच्या रागाशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याने वेनुस्कला आणि लेकीला ताब्यात घेतलं, कैदी म्हणून, आणि होडीत बसवलं. जाताना वेनुस्क वळली नाही. आईला तिने आमच्याच मागच्या दारी पुरलं होतं, पहाटे, वेढ्याची माणसं पांगल्यावर, मी फावडं धरलं होतं.

नंतर न्यायाधीश आले. लढाईच्या काळात अधिकाऱ्यावर हात उगारला, त्याचा हात जन्माचा लुळा केला, हा आरोप. फाशी देता येत होती, पण त्याच धाडीत तिने दारात शत्रू मारला होता आणि तिचा नवरा राणीच्या राज्यासाठी मेला होता, म्हणून दया दाखवून फटके दिले.

फटके मारायला नॅथन रूट. तेव्हा गावचा शिपाई तोच होता. हिटीला खांबाला बांधलं, पाठ उघडी केली. सगळं गाव जमलं, पोरांनाही आणलं. पहिला फटका असा बसला की माशीही उडाली नसती.

"हातात जोर नाही का रे?" ट्रास्क ओरडला. त्याचा हात फळ्यांत बांधलेला होता.

हिटीने खांबाला गाल टेकवलेला होता. ती हळूच म्हणाली, "मार रे नॅथन. नाहीतर तुला बांधतील इथे."

मग नॅथनने मारलं. कातडी फाटली, मांस दिसलं. तो मारत होता आणि रडत होता. एका फटक्याला ती दोरावर लोंबकळली, तरी ठरलेली संख्या पूर्ण केली. मी मीठ-पाणी आणि स्वच्छ चरबी घेऊन उभी होते. सोडल्यावर ती पायाने चालत घरी आली. वाटेत एकीने तिच्यावर थुंकलं. दुसरीने, जिचं पोर नेलं होतं तिनेच, काहीही न बोलता दार उघडून एक तांब्या दूध माझ्या हातात दिलं आणि दार लावून घेतलं.

त्या थंडीत कुणी तिला डुकरं मारायला बोलावलं नाही. स्वतःच मारली, हाल करून मारली. सगळ्या गावभर किंकाळ्या ऐकू येत. हिटी कान झाकून घेई. "गाढवं," म्हणे, "गळा कुठे असतो तेसुद्धा दिसत नाही यांना." वसंतात नदी मोकळी झाल्यावर आम्ही तिघी होडीत बसलो आणि खालच्या मोठ्या गावात आलो.

इथे तिने बाजारात दुकान घातलं. बाई खाटीक म्हणून लोक आधी बघायला आले, मग घ्यायला यायला लागले. मोठी तोंडाळ झाली, गिऱ्हाइकांना शिव्या देई आणि वर मूठभर जास्त टाके. तिने दुसरं लग्न केलं नाही. टॅबीचं केलं, एका होडीवाल्याशी. वेनुस्कचं काय झालं ते शेवटपर्यंत नक्की कळलं नाही. तिला सोडून दिलं आणि ती डोंगरांपलीकडे पश्चिमेला आपल्या लोकांत गेली, असं एक होडीवाला सांगे. दुसरा सांगे, तुरुंगात देवी आल्या, त्यात गेली. हिटी दोघांचंही ऐकून घेई.

खूप वर्षांनी, ती अंथरुणाला खिळली होती तेव्हा, मी एकदा विचारलं. "वहिनी, वेनुस्कच्या लोकांनी दरवाज्याचं सांगितलं नव्हतं, हे तुला माहीत होतं ना? त्या निर्दोष होत्या, हे?"

"नव्हतं माहीत," ती म्हणाली.

"मग?"

"अजूनही माहीत नाही. सांगितलंही असेल एखाद्याने, बेदम मार खाऊन. कान कापला होता ना पोरीचा." तिला दम लागत होता. "पण ट्रास्क म्हणाला, तुझा हक्क पहिला. आम्ही डुकराच्या वाट्याला म्हणतो तसं. मला इतका राग आला, डिले. इफ्राइमला मी धुतला होता. तो मेला, त्याचं काय करायचं ते मला ठाऊक होतं. यांना काय ठाऊक?"

"त्या वेळी मला वाटलं तू मारणार."

"मलाही वाटलं," हिटी म्हणाली. "कुऱ्हाड चांगली होती. वजनाला बरोबर." मग तिने पाठ फिरवली, भिंतीकडे तोंड केलं. "पांघरूण वर ओढ. आणि टॅबीला सांग, उद्या यायचं तर पोरांना घेऊन ये, एकटी नको."

दुसऱ्या दिवशी टॅबी पोरं घेऊन आली. हिटी आणखी आठवडाभर जगली.